गजाआडची आजी

आमच्या घरात किल्ल्या तीन होत्या आणि माणसं चार. एक किल्ली पप्पांच्या ब्रीफकेसमध्ये, एक आईच्या पर्समध्ये आणि तिसरी माझ्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात ओवून शाळेच्या शर्टाच्या आत. चौथं माणूस म्हणजे आजी, पप्पांची आई. तिच्याकडे किल्ली नव्हती, कारण कुलूप तिच्यासाठीच होतं. मयूर विहारच्या त्या चार मजली इमारतीत आम्ही सगळ्यात वर राहायचो. लाकडी दाराच्या बाहेर लोखंडी गजांचं दुसरं दार, तसं दिल्लीत सगळ्यांकडेच असतं. सकाळी साडेआठला पप्पा आणि आई एकाच चार्टर्ड बसनं आपापल्या मंत्रालयांत जायला निघाले की ते गजांचं दार बाहेरून बंद व्हायचं, आणि पावणेतीनला मी शाळेच्या बसमधून उतरून, तीन मजले चढून ते उघडायचे. मग मी आत जायचे, आणि आम्ही दोघी साडेसहापर्यंत आत.

हे कुणी वाईट बुद्धीनं केलं नव्हतं, हे आधीच सांगते. पप्पांचा आपल्या आईवर फार जीव होता. आजोबा गेले, नगरचं भाड्याचं घर सोडावं लागलं आणि आजी एक ट्रंक, एक गोधडी आणि पितळी खलबत्ता घेऊन आमच्याकडे आली. आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात ती कोथिंबीर आणायला खाली उतरली आणि हरवली. त्या वेळी आमच्याकडच्या सगळ्या इमारती एकाच पिवळ्या रंगाच्या, एकाच उंचीच्या होत्या. मीसुद्धा दोनदा दुसऱ्यांच्या जिन्यात शिरले होते. आजीला हिंदी येत नव्हती. ती ज्याला त्याला "मास्तरांचं घर कुठं?" असं विचारत होती, म्हणजे पप्पांचं नव्हे, आजोबांचं. ते नगरच्या शाळेत मास्तर होते आणि चाळीस वर्षं तिला हाच एक पत्ता पुरला होता. संध्याकाळी चौकीदारानं तिला आणून सोडलं. त्याच महिन्यात शेजारच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी गॅसवाला म्हणून घरात शिरला आणि एकट्या म्हातारीच्या हातातल्या बांगड्या काढून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पप्पांनी कुलूप आणलं. "आई, काही दिवसांची गोष्ट आहे," ते म्हणाले. "तुझ्या सेफ्टीसाठी." आजी म्हणाली, "बरं." आजोबा, दीर, चार मुलं, शिकायला राहिलेले दोन भाचे, सगळ्यांना तिनं आयुष्यभर हेच उत्तर दिलं होतं. काही दिवसांचं दीड वर्ष झालं.

आता मी नोएडात अकराव्या मजल्यावर राहते. खालच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद माझ्या फोनवर येते, आणि बंगळुरूहून लेक रोज सांगते, "आई, उगाच खाली उतरू नकोस, मागवून घे ना यार." मी "बरं" म्हणते, आणि म्हटल्यावर माझी मीच दचकते.

आजी पहाटे उठायची. मला जाग यायची ती तिच्या भाकरीच्या आवाजानं. ज्वारीचं पीठ दिल्लीत मिळायचं नाही, म्हणून ती चक्कीवरच्या बाजरीच्या पिठाच्या भाकरी थापायची आणि प्रत्येक भाकरीला "ही काही ती नव्हे" असं पुटपुटायची. तीन डबे भरायची. संध्याकाळी डबे परत आले की झाकण उघडून आत बघायची आणि मग विचारायची, "पुरलं का?" उरलेलं दिसलं तर तिचा चेहरा पडे आणि पूर्ण रिकामा डबा दिसला तर तिला वाटे, कमी पडलं असणार. आम्ही नगरचे ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणणारे. इथलं देऊळ यमुनेपलीकडे, उपासना हिंदीत. नाताळ आणि ईस्टर सोडले तर आजीचं जाणं होत नसे. मग ती रविवारी स्वयंपाकघरातच गायनं म्हणायची, फोडणी देताना थांबायची, फोडणी झाली की त्याच ओळीवरून पुढे सुरू व्हायची. मसाला ती रोज ताजा कुटायची. दुपारी घराघरातून सगळे गेले, पाण्याची मोटर थांबली, कबाडीवाल्याची हाक दूर गेली की इमारतीत एकच आवाज उरायचा, तो आजीच्या बत्त्याचा. हे मला समोरच्या बीजींनी सांगितलं, कारण त्या वेळी मी शाळेत असायचे.

बीजी म्हणजे समोरच्या दारातल्या पंजाबी आजी. त्यांचा मुलगा आणि सून गांधीनगरला कापडाच्या दुकानात जायचे. बीजी थोराड, गोऱ्या, गुडघ्यांनी हैराण. पण त्यांना कुणी कोंडलेलं नव्हतं, आणि आजी कोंडलेली आहे हे त्यांना मुळीच पटत नव्हतं. "तेरा पापा अफ़सर है कि थानेदार?" त्या मला विचारायच्या. रोज अकराच्या सुमारास त्या आपला प्लास्टिकचा मोढा घेऊन आमच्या गजांसमोर येऊन बसायच्या, आजी आतल्या बाजूला पाटावर बसायची. एक पंजाबीत बोलायची, दुसरी मराठीत. काय बोलत असतील देव जाणे. पण दोघींचं खाणं या गजांतून इकडून तिकडे जायचं. ताटली जात नसे, वाटीही अडायची. उभा पेला जायचा. म्हणून बीजींकडचा सरसोंचा साग आमच्याकडे पेल्यातून यायचा आणि आजीचं थालीपीठ गुंडाळी करून पलीकडे जायचं.

मी मात्र या सगळ्याला वैतागले होते. नववीत होते. शाळा सुटल्यावर बास्केटबॉलची प्रॅक्टिस असायची, मैत्रिणी कुणाकुणाच्या घरी जमायच्या, आणि मी एकटी बस पकडून घरी, का तर आजी आत आहे. कधी बस उशिरा आली तर आजी लाकडी दार उघडं ठेवून गजांना धरून उभी दिसायची. मी जिना चढत असताना ती वरून पावलं ओळखायची आणि म्हणायची, "आली गं माझी शुभा." मला ते ऐकून माया वाटायला हवी होती. मला वाटायचं, हिच्यामुळे मी अडकले. तिच्याशी फटकून वागायचे. वाढलेलं न बोलता खायचे आणि पुस्तक उघडून बसायचे. ती समोर बसून गहू निवडायची, मध्येच काहीतरी विचारायची, शब्द असे असायचे की मला अर्धे कळायचे नाहीत. "उतरंड म्हणजे काय, आजी?" असं सुरुवातीला विचारायचे, नंतर तेही सोडून दिलं.

ती गोष्ट डिसेंबरातली. धुकं दुपारपर्यंत हटलं नव्हतं. शाळेच्या बसमध्ये पम्मी म्हणाली की तिच्या भावानं व्हीसीआर भाड्यानं आणलाय, सगळ्याजणी येणारेत, तूही चल. पम्मीचं घर आमच्या पुढच्याच पॉकेटमध्ये, म्हणजे शेजारच्या इमारतींच्या गटात. मी म्हटलं, "नाही जमणार, घरी आजी आहे." ती म्हणाली, "यार, तेरी दादी क्या भाग जाएगी?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि माझ्या स्टॉपवर उतरलेच नाही. पिक्चरमध्ये काय होतं ते आज आठवत नाही. पम्मीच्या आईनं ब्रेड पकोडे केले होते ते आठवतात, आणि रजईत सहाजणी कोंबून बसल्याची ऊब आठवते. गळ्यातली किल्ली छातीला गार लागत होती, म्हणून मी ती काढून दप्तरात टाकली.

घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते. दुसऱ्या मजल्यावर आले आणि आजीचा आवाज ऐकू आला. ती गायनं म्हणत होती, पण घसा बसलेला, शब्द तुटत होते. वरच्या वळणावर आले. बीजी आमच्या दारासमोर फरशीवर आडव्या पडल्या होत्या, एक पाय भलतीकडेच वळलेला. अंगावर आजीची गोधडी. आणि गजांच्या आत आजी जमिनीवर पालथी पडलेली, उजवा हात खांद्यापर्यंत गजांतून बाहेर काढलेला, आणि त्या हातात बीजींचा हात. आजूबाजूला पाणी सांडलं होतं. बत्ता बाहेर जिन्याच्या पायरीपर्यंत घरंगळत गेला होता.

आजीनं मान वर केली. "शुभे, किल्ली," एवढंच म्हणाली.

मला दप्तरात किल्ली सापडेना. सगळी पुस्तकं मी तिथंच ओतली. सापडली, कुलपात घातली, आणि ती फिरेना. आजीनं बत्ता गजांतून बाहेर काढून, आडव्या हातानं त्या कुलपावर घाव घातले होते. कुलूप तुटलं नव्हतं, वाकलं होतं. तिच्या बोटांची साल निघाली होती. मी किल्ली दोन्ही हातांनी पिरगाळत होते आणि रडत होते. आजी म्हणाली, "ते राहू दे. खाली जा. माणसं आण."

मी खाली धावले. तळमजल्यावरचे बॅनर्जीकाका नुकते फिरून आले होते. त्यांनी समोरच्या इमारतीतल्या दोघांना हाक मारली, एक घडीची खाट आणली, आणि बीजींना त्यावर घालून वाकड्यातिकड्या जिन्यातून खाली नेलं. बीजी ओरडत होत्या, मध्येच "वाहेगुरु" म्हणत होत्या. खाट उचलताना त्यांचा हात आजीच्या हातातून सुटेना; मलाच एकेक बोट सोडवावं लागलं. कुणाची तरी गाडी त्यांना घेऊन इस्पितळाकडे गेली, कुणीतरी त्यांच्या मुलाच्या दुकानात फोन करायला पळालं, आणि पाच मिनिटांत जिना पुन्हा सामसूम झाला. मग माझ्या लक्षात आलं की आजी अजून आतच आहे आणि मी बाहेर.

पप्पा येईपर्यंत आम्ही तशाच बसलो, गजांच्या दोन बाजूंना. त्या दीड तासात तिनं मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. बीजी तीनच्या सुमारास ओली चादर वाळत टाकायला निघाल्या, घसरल्या. आजीनं आधी मागच्या गॅलरीतून हाका मारल्या. पण आमची गॅलरी नाल्याकडे आणि मोकळ्या मैदानाकडे उघडायची. लांबून एकजण चालला होता, त्यानं वर बघून हात हलवला आणि निघून गेला. खालच्या दोन्ही मजल्यांवर कुणी नाही. मग कुलूप. मग गोधडी, ती अख्खी बाहेर जाईना, म्हणून टोक बाहेर काढून हळूहळू ओढत नेली. पेला बीजींना धरता येईना, म्हणून पदराचं टोक भिजवून तोंडात पिळलं. "तीनला मला वाटलं, आता तू येशीलच," ती म्हणाली. "साडेतीनला वाटलं, बस चुकली असेल."

"एक्स्ट्रा क्लास होता," मी म्हटलं.

आजी उठली, स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, तिला कळलं, आता ती माझ्याशी बोलणार नाही. ती परत आली ती दुपारची पोळी गुळाबरोबर गुंडाळून. गजांतून माझ्या हातात दिली. "खा. दुपारपासून उपाशी असशील." मी ती हातात धरून बसले. पोटात पम्मीच्या घरचे पकोडे होते. मी सगळं सांगून टाकलं, व्हीसीआर, पम्मी, मी कशी हसले ते सगळं. मान खाली घालून सांगितलं आणि ती काय म्हणते याची वाट पाहत राहिले.

आजी आपल्या सोललेल्या बोटांवर फुंकर घालत होती. मग म्हणाली, "गेलीस ते बरं केलंस. दार उघडं असतं तर मीही गेले असते."

ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आजी, जी दीड वर्षात एकदाही "मला बाहेर जायचंय" म्हणाली नव्हती, जिनं प्रत्येक डबा, प्रत्येक भाकरी, प्रत्येक कपडा आमच्यासाठी केला आणि आम्ही समजलो की तिला आणखी काही नकोच आहे. मी कोंडलेय असं मला वाटत होतं, आणि मला कोंडणारी म्हणून मी जिच्याकडे बघत होते ती स्वतः दिवसभर दार उघडायची वाट पाहत होती. मला दिवसातून चार तास नको झाले होते. तिचे तास मी कधी मोजलेच नव्हते.

पावणेसातला पप्पा आणि आई आले. बॅनर्जीकाकांची लोखंड कापायची आरी आणली. पप्पा सूटमध्येच गुडघ्यांवर बसून कुलूप कापत होते. आरीचं पातं एकदा तुटलं, दुसरं लावलं. आजी आत उभी राहून त्यांच्या डोक्याकडे बघत होती.

"तू कुठं होतीस गं?" पप्पांनी वर न बघता मला विचारलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आजी म्हणाली, "शाळेत उशीर झाला तिला." आजी खोटं बोलल्याचं मी ऐकलं ते तेवढं एकदाच.

कुलूप खाली पडलं. आईनं आत जाऊन आजीचा हात बघितला. खांद्याला गजांचे दोन काळेनिळे वळ उठले होते. पप्पा तिथंच जमिनीवर बसून राहिले. "आई, मी हे तुझ्या काळजीपोटी..." ते म्हणाले.

"मला माहीत आहे, बाळ," आजी म्हणाली. "पण उद्यापासून कडी आतून. मी लावीन."

"आणि पुन्हा हरवलीस तर?"

"विचारीन कुणाला तरी."

"कुठल्या भाषेत, आई? तुला हिंदीचा एक शब्द येत नाही."

"ती बाई दोन तास माझ्याशी बोलली. तिला कुठं मराठी येत होती?"

पप्पा ऐकून लगेच बदलले असं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं कुलूप आणलंच. ते चार दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होतं. सकाळी निघताना पप्पा त्याच्याकडे बघायचे, मग आजीकडे, आणि हात न लावता जायचे. पाचव्या दिवशी आईनं ते उचलून माळ्यावरच्या ट्रंकेला लावून टाकलं. बीजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तीन जिने चढणं आता शक्य नव्हतं, म्हणून त्या इस्पितळातून परस्पर लक्ष्मीनगरला लेकीकडे गेल्या. तिचं घर तळमजल्यावर होतं. समोरचं दार दिवसभर बंद. अकरा वाजता आजी सवयीनं पाट घेऊन यायची आणि उघड्या दारात एकटीच बसायची. आश्चर्य म्हणजे दार उघडं असूनही ती खाली उतरत नव्हती. पुढे ती आणखी सहा वर्षं जगली, भाजीवाल्याशी भांडण्याइतकी हिंदी शिकली, खालच्या बागेत तिची ठरलेली जागा होती. पण त्या पहिल्या महिन्यात ती उंबऱ्यापर्यंत यायची आणि थांबायची. पप्पा म्हणायचे, "बीजींना भेटायला रविवारी नेतो, बिल्कुल नेतो," आणि रविवारी काहीतरी निघायचं.

जानेवारी सरता सरता एका दुपारी मी शाळेतून आले तर आजी चांगलं लुगडं नेसून, चपला घालून दारात उभी. "तुला बस माहीत आहे ना?" तिनं विचारलं. "मग चल. त्यांना सांगायला नको." जिना ती भिंतीला धरून उतरली. खाली आल्यावर उन्हात जरा थांबली आणि पाय चाचपून बघावं तशी मातीत दोन पावलं टाकली. बसमध्ये तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. पण खिडकीतून मात्र तिची नजर हटत नव्हती. दुकानं, रिक्षा, गाजरांचे ढीग, सगळं ती गिळल्यासारखं बघत होती.

बीजी अंगणात खाटेवर उन्हाला पडल्या होत्या. आजीला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले. मधे गज नसताना त्या दोघी अशा निवांत पहिल्यांदाच भेटत होत्या, आणि दोघींनाही काय करावं ते कळेना. आजीनं आधी त्यांची पायावरची चादर नीट केली, मग केस मागे सारले, मग खाटेच्या कडेला बसली आणि दोघी रडल्या. बीजींच्या लेकीनं चहा आणला. थोड्या वेळानं बीजी मला म्हणाल्या, "कुड़िए, इक गल्ल दस्स. उस दिन तेरी दादी मैनूं इक्को गल्ल कैंदी रही. मैं सोचदी सी, कोई मंतर होऊ." मग डोळे मिटून, त्या दिवशी आजी पुन्हापुन्हा म्हणत राहिलेलं आणि त्यांना मंत्र वाटलेलं ते मराठी त्यांनी एकेक अक्षर आठवत म्हणून दाखवलं: "मी इथंच आहे. मी इथंच आहे." डोळे उघडून विचारलं, "एदा मतलब की ए?"

मी म्हटलं, "मैं यहीं हूँ."

बीजी आजीकडे बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "लै! होर जाणा वी कित्थे सी विचारी ने!"

आजीनं माझ्याकडे बघितलं. मला सांगू की नको असं झालं, पण सांगितलं, "त्या म्हणतात, घ्या, बिचारी आणखी जाणार तरी कुठं होती!"

आजी हसली. पदर तोंडाला लावायचंही तिला सुचलं नाही. दीड वर्षात मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, तरी थांबेना. बीजींना हसताना कळा येत होत्या. "अगं हसू नकोस, हाड हलेल," आजी मराठीत म्हणाली, आणि बीजींनी सगळं कळल्यासारखी मान डोलावली आणि आणखी हसल्या.

ऊन भिंतीवर चढायला लागलं. मी घड्याळ बघितलं. "आजी, निघायला हवं. पप्पा घरी येतील."

"येऊ देत," आजी म्हणाली, आणि चपला काढून तिनं पाय खाटेवर घेतले.